३२ किलोची बॅग अन् क्विंटलचं पोतं

आमच्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून एप्रिल २०२५ मध्ये विमान सुरू झालं तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तीच चर्चा, फेऱ्या कधी वाढतील, रोडच्या वावराचे भाव कुठवर जातील अन् आपल्या पोट्ट्यांना तिथं काम लागंल का. मागच्या आठवड्यात चुलतभावानं विचारलं, "दादा, तू तर तिकडं तेच करतो ना, लोडरचं काम कसं असते, ग्राउंड स्टाफच्या कोर्सची फी भरू का?" त्याला फोनवर जे बोललो ते इथं जरा सविस्तर लिहितो, कारण प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

मी चार वर्षांपासून कॅनडात एका विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागी, काम करतो. बॅगा चढवणं-उतरवणं, विमान सरकू नये म्हणून चाकांना चोक, म्हणजे ठोकळे लावणं, असं सगळं. लोकांना वाटते बॅग उचलण्यात काय आहे. पण बोइंग ७३७ सारख्या विमानाच्या पोटात उभंच राहता येत नाही, गुडघ्यावर बसून, कधी अर्धं आडवं होऊन एकेक बॅग मागं सरकवत रचायची, एका फ्लाइटला शंभर-दीडशे. उभ्यानं वीस किलो उचलणं वेगळं अन् गुडघ्यावर बसून कंबर पिळत वीस किलो टाकणं वेगळं. दुसऱ्याच महिन्यात माझी कंबर धरली. तीन दिवस मी कोणालाच सांगितलं नाही, शिफ्टा कापतील म्हणून. शेवटी सोबतच्या म्हाताऱ्या फिलिपिनो माणसानं ओळखलं, अन् हाताला धरून रिपोर्ट लिहायला नेलं.

माझे बाबा सीझनला जिनिंगात अन् बाकी वेळ बाजार समितीत हमाली करायचे, क्विंटलचं पोतं पाठीवर. पन्नाशीत त्यांना वाकून चप्पल घालता येत नव्हती अन् सगळे म्हणायचे वयाचं आहे. कामाचं आहे असं कोणी म्हटलं नाही, मीही नाही. इकडं आल्यावर समजलं की प्रवाशाची बॅग ३२ किलोच्या वर गेली की काउंटरवरच थांबवतात, सामान काढा, दोन बॅगा करा. आपले लोक पापड-कुरड्या अन् लोणचं भरून आणतात अन् तिथं भांडतात की एअरलाइन लुटते. २३ किलोच्या वरचे जादा पैसे हा धंदा असेल, पण ३२ ची रेघ आत गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या कंबरेसाठी आहे. वजन प्रवाशाकडूनच कमी करून घेतात, लोडरला ताकद वाढव म्हणत नाहीत.

ग्रुपवर काकांनी लिहिलं, काळजी घेतली की काही होत नाही. काकांचा मान ठेवून सांगतो, हे वाक्य मी २०१७ ला पण ऐकलं आहे. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा मास्क नव्हता, हातमोजे नव्हते म्हणत दोष मेलेल्याच्याच माथी मारला. डोक्याएवढी पऱ्हाटी, वरून उकाडा, त्यात तो किट घालून दिवसभर कोण फवारंल? ते औषध तिथवर आलंच काहून, हा प्रश्न मागं पडला अन् किट वाटून झाले.

विमानतळावर ट्रेनिंगमध्ये मला याच्या उलटं शिकवलं. आधी धोकाच काढता येतो का पाहायचं, नाही तर मशीन आणायची, मग नियम, अन् बूट-हातमोजे सगळ्यात शेवटी. नुसतं सांगून भागत नाही याचा पुरावा अमेरिकेतच आहे. ३१ डिसेंबर २०२२ ला अलाबामातल्या माँटगोमेरीत रॅम्पवरची एक कामगार चालू इंजिनात ओढली गेली. त्या विमानाचं एपीयू, म्हणजे उभ्या विमानाला वीज देणारं छोटं इंजिन, बंद होतं म्हणून मोठी इंजिनं चालू ठेवावी लागली, अन् इंजिनं चालू राहतील हे विमान यायच्या आधी त्या टीमला दोनदा सांगितलं होतं. मुंबईतही डिसेंबर २०१५ मध्ये विमान मागं ढकलताना एक टेक्निशियन असाच गेला.

इकडं सगळं आलबेल आहे असं नाही. कंत्राटी कंपन्या आहेत, माणसं कमी, विमान लवकर काढायची घाई, अन् स्टुडंट पोरं अजूनही दुखणं लपवतात, माझ्यासारखंच. पण एक गोष्ट मी डोळ्यानं पाहिली. बेल्ट लोडर, म्हणजे बॅगा वर चढवणारी पट्ट्याची मशीन, बिघडला होता, लीड, म्हणजे आमच्या टीमचा मुकादम, म्हणाला हातानंच भरा. तोच फिलिपिनो माणूस म्हणाला, मी नाही करत, हे धोक्याचं आहे. कॅनडाच्या लेबर कोडमध्ये त्याला तो हक्क आहे. दुसरी मशीन येईपर्यंत विमान थांबलं, अन् दुसऱ्या दिवशी तो माणूस नेहमीच्या वेळी कामावर हजर. माझ्या बाबांनी अडत्याला "हे पोतं नाही उचलत" म्हटलं असतं तर संध्याकाळी चूल पेटली असती का?

आपल्या भारतातला कामगारांच्या सुरक्षेचा नवा कायदा, सेफ्टी कोड, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यात धोका मालकाच्या कानावर घालायचा हक्क आहे, पण सेफ्टी कमिटीची, म्हणजे मालक अन् कामगार मिळून धोके पाहणाऱ्या समितीची, सक्ती ५०० कामगारांपासून आहे. कॅनडात ती २० पासून आहे. बेलोऱ्याला लोडर ५०० कधी होणार? तिथं येते एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, तिच्या सामानाचं दार पुढं, पंख्याच्या जवळ, अन् फिरता पंखा डोळ्याला दिसत नाही. वरून मे महिन्यातली अमरावतीची दुपार अन् खाली तापलेलं काँक्रीट.

भावाला म्हटलं, फी भरायच्या आधी तीन गोष्टी विचार. बेल्ट लोडर आहे का, लागलं तर दवाखान्याचा खर्च अन् पगार कोण देते, कंपनी का कंत्राटदार, अन् मे महिन्यात दुपारी सावलीची सुट्टी किती. तो म्हणे, असं विचारलं तर घेतील का कामावर? म्हणून हे एकट्या पोट्ट्यानं विचारायचं काम नाही. फेऱ्या वाढवा म्हणून निवेदन घेऊन जे जे मुंबईला जातात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, त्याच कागदावर खाली एवढं लिहा की बेलोऱ्याला माणसं वीस असली तरी कमिटी पाहिजे, त्यात लोडर पाहिजे, अन् "नाही करत" म्हणणाऱ्याचं काम जाणार नाही हे लेखी पाहिजे.