गॅलरीतली ती बादली आधी रिकामी करा

‘माशांना पाकिटातलं विष घालू नका’ अशा मथळ्याचा, घरी टँकमध्ये मासे पाळणाऱ्यांसाठीचा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा. निसर्गात मासे फक्त जिवंत भक्ष्य खातात, म्हणून दाण्यांचं खाद्य बंद करा. गॅलरीत बादलीभर पाणी दहा दिवस उघडं ठेवा, डासांच्या अळ्या फुकट मिळतील. गटारातले लाल किडे पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवले की शुद्ध होतात, आणि लाल म्हणजे रक्तवर्धक. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची) अंडी थेट टँकमध्ये टाका. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक द्या. जिवंत खाद्याने पाणी बिघडत नाही, तेव्हा गावाला जाताना आठवड्याचं एकदम टाकून जा. आणि शेवटी, अर्थातच, दहा मत्स्यप्रेमींना पाठवा.

माझ्या मावसभावाने तो दहा जणांना पाठवला नाही, सरळ अमलात आणला. ऐन पावसाळ्यात गॅलरीत बादली भरून ठेवली. त्यामुळे मुद्दे मेसेजच्या क्रमाने न घेता बादलीपासूनच सुरुवात करतो.

उघड्या, स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालणारा घरगुती डास म्हणजे एडिस इजिप्ती, डेंग्यूवाला. त्याला गटार लागत नाही. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं जुनं टायर यात त्याचं भागतं, आता त्यात मत्स्यप्रेमींच्या बादलीची भर. आपल्याकडच्या पावसाळी उबेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणजे ‘दहा दिवस ठेवा’ म्हणताना या महाशयांनी मुदत सांगितली आहे ती अळ्यांची नव्हे, डासांची. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा असं आरोग्य खातं कानीकपाळी ओरडत असतं, त्यामागचं गणित हेच आहे. सात दिवसांच्या आत पाणी ओतून भांडं कोरडं केलं की चक्र तुटतं.

बरं, बादली ओतली म्हणजे सुटलो असंही नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. काजळीचे बारीक ठिपके पडल्यासारखी दिसतात. ती वाळली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून ज्यांनी ज्यांनी बादली भरली आहे त्यांनी ती आतून काथ्याने, कडेच्या खोबणीसकट, खसाखसा घासायची, कढत पाण्याने विसळायची आणि उन्हात पालथी घालायची.

मेसेजवाल्याचा हुकमाचा एक्का म्हणजे ‘सरकारसुद्धा गप्पी मासे सोडतं’. सोडतं ना! पण कुठे? विहिरीत, हौदात, बंद पडलेल्या कारंज्यात, जिथलं पाणी ओतून टाकता येत नाही तिथे. अळी तिथेच जन्मते आणि तिथेच गप्पीच्या पोटात जाते. इथे अळ्या गॅलरीत, मासे दिवाणखान्यात आणि मधे तुम्ही चहाची गाळणी घेऊन उभे. एक दिवस ऑफिसातून उशीर झाला की त्या दिवशीचे डास सोसायटीचे. शिवाय अळीच्या पुढची अवस्था म्हणजे कोष, स्वल्पविरामाच्या आकाराचा. तो काही खात नाही, पण चाहूल लागली की सुळकन तळाला जातो, आणि दोनेक दिवसांत त्याचा डास होतो. माशांनी न खाल्लेला कोष टँकच्या झाकणाच्या फटीतून डास होऊनच बाहेर पडतो. मुंबईत तर घरात डासांची पैदास सापडली की महापालिका नोटीस देते, दंडही होतो. तिथे ‘फायटर माशासाठी ठेवलंय’ ही सबब चालत नाही.

कबूल करायलाच हवं तर एवढं करतो की डासाची अळी हे फार चांगलं खाद्य आहे. फायटरच्या जोडीला विणीआधी आठवडाभर अळ्या मिळाल्या की मादी अंड्यांनी कशी टम्म भरते, हे कुठल्याही ब्रीडरला विचारा. पण तेच काम मोइना (पाण्यातला पिसवेसारखा इवला जीव) करते, तेच फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे चिलटासारख्या कीटकाच्या गोठवलेल्या लाल अळ्या, करतात, आणि दोन्हींमुळे शेजारी तापाने फणफणत नाही. रस्त्यावरच्या डबक्यातून अळ्या गोळा करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. अशा पाण्यावर टेमिफॉससारखी अळीनाशकं किंवा तेल मारलेलं असतं. टेमिफॉस ऑर्गॅनोफॉस्फेट आहे. टँकमध्ये श्रिम्प असतील तर सगळ्यात आधी त्या जातील.

आता गटारातले लाल किडे, म्हणजे ट्युबिफेक्स. लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, हे खरं. पण ते कशासाठी असतं? जिथे प्राणवायू जवळपास नाहीच अशा सडक्या गाळात जगता यावं म्हणून. हा किडा डोकं गाळात खुपसून, शेपूट वर हलवत बसतो आणि दिवसभर तो गाळच गिळतो. म्हणजे ज्या नाल्यातून तो आला त्या नाल्यातले जिवाणू आणि शिसं-कॅडमियमसारखे जड धातू त्याच्या पोटात आणि अंगात. परमँगनेटचं गुलाबी पाणी लागतं ते त्याच्या कातडीला. आतड्यातला गाळ तसाच राहतो. पाणी जास्त गडद केलंत तर किडे मरतात आणि मेलेल्या किड्यांचा गोळा टँकमध्ये जातो. रक्तवर्धक वगैरे तर सोडूनच द्या. माशाला ॲनिमिया झाला म्हणून लाल किडे घालणं हे बीट खाऊन रक्त वाढवण्याच्याही एक पायरी पुढचं आहे.

तरी ज्यांना द्यायचेच आहेत त्यांनी निदान पोट रिकामं करून द्या. पसरट ट्रेमध्ये किड्यांचा थर एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जाड नको, वर जेमतेम बुडतील इतकं थंड, क्लोरीन उडालेलं पाणी. दिवसातून तीनदा पाणी बदला. प्रत्येक वेळी गोळा हाताने मोकळा करा आणि तळाला बसलेली राखाडी घाण ओतून टाका. असं किमान तीन-चार दिवस. मधल्या वेळात ट्रे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला तर किडे टिकतात (घरच्यांची परवानगी काढा). जिवंत किडे विस्कटले तरी पुन्हा गुंतून गोळा होतात. जे फिकट पडले, सुटे राहिले, वास मारू लागले ते फेकायचे. देताना भोकांच्या तरंगत्या वाटीतून द्यायचे आणि दोन-तीन मिनिटांत संपतील इतकेच, कारण खाली पडलेला किडा वाळूत शिरतो आणि तिथेच मरून सडतो. धातू मात्र या उपासाने जात नाहीत. त्यामुळे रोजचं खाद्य म्हणून ट्युबिफेक्स नकोच, आणि डिस्कस माशाला तर अजिबात नको.

इथे उलट बाजूच्या एका अफवेलाही टोला हाणतो. ‘ट्युबिफेक्समुळे माशांना गरगर फिरण्याचा रोग होतो’ असं काही शहाणे सांगतात. तो परजीवी ट्युबिफेक्समध्ये वाढतो हे बरोबर, पण तो रोग ट्राउट आणि सामन कुळाचा आहे. तुमच्या एंजल माशाला तो होणार नाही. तळ्यातून गाळून आणलेल्या डॅफ्नियाबरोबर (मोइनासारखाच, पाण्यातला पिसवेसारखा जीव) येणाऱ्या सायक्लॉप्सची काळजी जास्त करा. कॅमॅलॅनस नावाच्या आतड्यातल्या जंताचा मधला यजमान हेच सायक्लॉप्ससारखे पाण्यातले इवले जीव (कोपेपॉड) असतात. गप्पी-मॉलीच्या गुदद्वारातून लाल दोरे लोंबताना दिसले तर ते हे जंत. त्याच गाळणीतून हायड्रा आणि चतुराची अळीही येते, आणि ही दोघं पिल्लं फस्त करतात.

आर्टेमियाबद्दल मात्र अंदाजपंचे बोलायची गरज नाही. जिवंत खाद्याच्या उत्पादनावरची एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची, पुस्तिका १९९६ पासून उपलब्ध आहे, तांत्रिक निबंध क्रमांक ३६१, संपादक लॅव्हेन्स आणि सॉर्गेलूस. ती मत्स्यबीज केंद्रांसाठी लिहिलेली असली तरी आर्टेमियाचं प्रकरण हौशी माणसालाही जसंच्या तसं लागू पडतं. कवचासकट ‘अंडी थेट टँकमध्ये’ हा सल्ला काही त्यात नाही. गोड्या पाण्यात ती नीट फुटत नाहीत आणि त्यांचं कवच पचत नाही. माशाच्या पिल्लाने ते गिळलं तर आतडं तुंबून पिल्लू मरू शकतं.

पद्धत अशी. लिटरभराहून मोठी बाटली, बूड कापून उलटी टांगलेली. त्यात एक लिटर पाणी, २५ ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, कारण पीएच आठच्या वर लागतो. अंडी एक ग्रॅम पुरेत, दोनच्या वर कधीच नाही. एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत, एअरस्टोन न लावता. मोठे बुडबुडे अंडी खाली बसू देत नाहीत, बारीक बुडबुड्यांच्या फेसात ती वर अडकतात. तापमान २६ ते २८ अंश, आणि जवळ दिवा, निदान सुरुवातीचे काही तास. २४ तासांत बहुतेक फुटतात. पुण्या-नाशकाच्या थंडीत रात्री पारा उतरला की हेच ३६ तासांवर जातं आणि निम्मीच फुटतात. दोष अंड्यांना न देता बाटली हीटर लावलेल्या टँकमध्ये बुडवून ठेवा. आणि उघडलेला डबा पावसाळ्यात फडताळात ठेवला असेल तर मात्र दोष अंड्यांचाच. दमट हवा लागलेली अंडी गेली म्हणून समजा. हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवायची.

काढताना हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी कवचं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाला बसतात, आणि केशरी पिल्लं त्यांच्या वर, उजेडाच्या बाजूला गोळा होतात. आधी तळाचं थोडं सोडून द्या, मग केशरी थर बारीक जाळीत घ्या, वरची कवचं बाटलीतच राहू द्या. गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच खायला घाला. ‘लगेच’ला कारण आहे. जन्मतः त्यांचं तोंड बंद असतं, ती अंगातल्या बलकावर जगतात. काही तासांत कात टाकतात, मोठी, पारदर्शक आणि चपळ होतात, म्हणजे माशांच्या पिल्लांना दिसायला आणि पकडायला अवघड. त्याच पुस्तिकेनुसार उपाशी ठेवलेल्या आर्टेमियाचा २५ ते ३० टक्के ऊर्जासाठा २४ तासांत संपलेला असतो. सकाळी काढलेली उद्या सकाळी घालणं म्हणजे रिकामी टरफलं घालणं. उरलेली पसरट वाटीत, सेंटिमीटरभर मिठाच्या पाण्यात, फ्रिजमध्ये ठेवली तर संध्याकाळपर्यंत चालतात.

‘निसर्गात फक्त जिवंत भक्ष्य’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने मॉलीला काचेवरचं शेवाळ खरवडताना पाहिलेलं नाही. गप्पी ओढ्यातही शेवाळ आणि तळाचा कुजका पालापाचोळा खातो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या एमबूना माशांचा जन्मच खडकावरचं शेवाळ ओरबाडण्यात जातो, त्यांना रोज ब्लडवर्म घालणं म्हणजे पोटफुगीला आमंत्रण. चांगल्या दाण्यांमध्ये जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात. डॅफ्नियात मात्र ती जे खाते तेच उतरतं, हेही एफएओच्याच पुस्तिकेत आहे. नुसत्या यीस्टवर वाढवलेली डॅफ्निया म्हणजे चालतंफिरतं यीस्ट. आता मेसेजमधलं अर्धसत्य, नाइलाजाने. मोठ्या पोत्यातून काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटे विकतात ते दाणे खरोखर टाकाऊ असतात. तेल खवट झालेलं, क जीवनसत्त्व उडालेलं. बंद डबा घ्या, लहान घ्या, उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा.

बलकाबद्दल फार लिहीत नाही. टाचणीच्या डोक्याएवढा घातला तरी टँक दुधाळ होतो. फायटरची पिल्लं पोहायला लागली की पहिले तीन-चार दिवस इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव), मग मायक्रोवर्म (बारीक जंत), मग आर्टेमिया. मायक्रोवर्मला कणकेची घट्ट लापशी शिजवून गार करा, डब्यात एक सेंटिमीटर थर द्या, चिमूटभर यीस्ट आणि चमचाभर विरजण म्हणजे कुणाच्या तरी चालू डब्यातले वर्म. झाकणाला भोक पाडून त्यावर कापड, नाहीतर चिलटं होतात. चार-पाच दिवसांत ते भिंतीवर चढतात, बोटाने पुसून द्यायचे. लापशी पातळ होऊन आंबूस वासाचा उग्र वास झाला की नवा डबा लावायची वेळ झाली. साधारण तीन आठवडे चालतो.

फ्रोझन ब्लडवर्म हाताळणाऱ्यांना डोळ्यांना खाज किंवा शिंका येत असतील तर ती त्या अळ्यांमधल्या हिमोग्लोबिनची ॲलर्जी असू शकते. चिमटा वापरा.

राहिला गावाला जाण्याचा मुद्दा. आर्टेमिया खाऱ्या पाण्याचा जीव, गोड्या पाण्यात काही तासांत मरतो. आठवड्याचा एकदम टाकलात तर दुसऱ्या दिवशी टँकमध्ये मेलेल्या प्रथिनांचा गाळ, तिसऱ्या दिवशी अमोनिया, आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना तो झेपत नाही. डॅफ्निया खरोखर जिवंत राहतात, पण मुठीने टाकल्या तर रात्री माशांच्या वाट्याचा प्राणवायूही त्याच घेतात. मोठे, निरोगी मासे चार-पाच दिवस काहीही न खाता मजेत राहतात. निघायच्या आदल्या दिवशी एक चतुर्थांश पाणी बदला, दिवा टायमरवर आठ तासांना लावा, आणि शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायचीच असेल तर खाद्याचा डबा आधी कपाटात लपवा.