‘काओरे’ लावलं की झालं?

न्यूझीलंडच्या माओरी भाषेबद्दल एक दावा सारखा फिरतो: लिपी नसलेली भाषा, त्यामुळे व्याकरण जुजबी, क्रियापद काळानुसार बदलत नाही, नकार द्यायचा तर वाक्यापुढे ‘काओरे’ लावायचं, झालं. क्रियापदाचं म्हणणं बरंचसं खरं आहे. बाकी सगळं चूक.

आधी ‘वाक्यापुढे काओरे’ करून बघू. ‘केइ ते हाएरे इया’ म्हणजे तो (किंवा ती) जात आहे. ‘हाएरे’ जाणं, ‘इया’ कर्ता. क्रियापद आधी, कर्ता मागून. दाव्याप्रमाणे नकार ‘काओरे केइ ते हाएरे इया’ व्हायला हवा. माओरी माणूस म्हणतो, ‘काओरे इया इ ते हाएरे’. कर्ता क्रियापदाच्या आधी आला आणि ‘केइ ते’चं ‘इ ते’ झालं. ‘कुआ हाएरे इया’, तो गेला आहे, याचा नकार तर आणखी वेगळा: ‘काओरे अनो इया किया हाएरे’, तो अजून गेलेला नाही. ‘कुआ’ जाऊन ‘किया’ आला. काळ दाखवण्याचं काम हेच छोटे शब्द करतात आणि नकार येताच तेच बदलतात. ‘काओरे’ हे स्वतःच क्रियापद आहे आणि पुढचा भाग त्याच्या ताब्यातलं गौण वाक्य, असं बरेच अभ्यासक मानतात. मला ते पटतं. एवढी उलथापालथ का होते, ते त्यातून कळतं.

शिवाय नकाराचा शब्द एकच, हेही खरं नाही. ‘हे काइआको इया’, तो शिक्षक आहे. इथे ‘काओरे’ चालतच नाही. ‘एहारा इया इ ते काइआको’ म्हणावं लागतं. ‘तो जात नाही’ आणि ‘तो शिक्षक नव्हे’ यांतला फरक जपणाऱ्या मराठी माणसाला तरी हे जड जाऊ नये. ‘जाऊ नको’ला तिसराच शब्द: ‘काउआ ए हाएरे’.

राहिला लिपीचा मुद्दा. लिपी नव्हती म्हणून नियमही नव्हते, असं होत नाही. केंब्रिजचे भाषापंडित सॅम्युअल ली यांनी होंगी हिका आणि वाइकाटो या माओरी सरदारांच्या मदतीने तयार केलेलं माओरी व्याकरण १८२० साली छापलं गेलं. त्यांनी नियम घडवले नाहीत, लोकांच्या तोंडी होते ते टिपले. माओरींची प्रसिद्ध म्हण आहे, ‘ए कोरे आउ ए ङारो’: मी कधीच नाहीसा होणार नाही. इथे नकार ‘ए कोरे’ने होतो, कर्ता ‘आउ’ त्याच्या लगेच नंतर येतो आणि क्रियापद सर्वांत शेवटी.