‘टॅक्स नाही, मग स्वस्त असणारच’ : विट्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

ड्युटी फ्री दुकानातून काय घ्यावं आणि काय तिथंच ठेवावं, या माझ्या मागच्या लेखावर विट्याच्या एका वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. खाली उत्तर फार लांबलं असतं म्हणून ते इथं वेगळं देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी प्रतिक्रिया अशी:

‘सांगलीत बसून विमानतळाचा हिशोब मांडू नये. ड्युटी फ्रीवर टॅक्सच नाही, मग माल स्वस्त असणारच, साधं गणित आहे. मी दर वर्षी दुबईहून दोन बाटल्या, परफ्यूम आणि चॉकलेट निम्म्या भावात आणतो. सोन्याचं तर बोलायलाच नको. तुमची पन्नास हजारांची मर्यादासुद्धा जुनी झाली. आधी माहिती घ्या, मग लोकांना शहाणं करा.’

साहेब, मर्यादेचं तुमचं बरोबर आहे. परदेशातून सीमाशुल्क न भरता सामान आणायची, २०१६ च्या बॅगेज नियमांतली ५०,००० रुपयांची मर्यादा फेब्रुवारी २०२६ पासून ७५,००० झाली. लेखात जुना आकडा राहिला होता, तो मी काल रात्रीच बदलला. चूक दाखवलीत, आभार.

पण ‘सांगलीत बसून’ हे काय आहे? विटा काही विमानतळाच्या भिंतीला लागून नाही. तुम्हाला जितका घाट उतरावा लागतो तितकाच मला. विश्रामबागेत मी चौदा वर्षं परदेशी तिकिटांचं काम करतो आणि आखातातून परतलेल्या माणसांची बिलं रोज माझ्या टेबलावर उलगडली जातात. ‘माहिती घ्या’ असं सांगायच्या आधी समोरच्याकडे कोणती माहिती आहे हे विचारायची आपल्याकडे रीत आहे. मतभेद असू द्या, ते हवेतच. पण माणूस कुठल्या गावात बसून लिहितो यावरून त्याची बेरीज चुकीची ठरत नाही. लेखातला कोणता आकडा चुकला ते सांगितलं असतंत, तर मी हात जोडून ऐकलं असतं. मर्यादेचा एक सांगितलात, तो ऐकलाच ना?

आता तुमचं ते एक वाक्य: ‘टॅक्सच नाही, मग माल स्वस्त असणारच.’ या वाक्यासाठीच मी लिहायला बसलोय, कारण हे तुमच्या एकट्याचं नाही. शंभरातली नव्वद माणसं हेच धरून त्या दुकानात शिरतात.

ड्युटी फ्री म्हणजे सरकार त्या मालावर कर घेत नाही. दुकानदार नफा घेत नाही असा त्याचा अर्थ नाही. विमानतळावर दुकानाला नुसतं भाडं नसतं, विक्रीतला ठरावीक हिस्सा विमानतळाला द्यावा लागतो. रात्री दोन वाजताही तिथं दिवे आणि माणसं लागतात. कर गेला की त्या जागेवर हे खर्च आणि नफा येऊन बसतात. किती बसतात ते दुकानदार ठरवतो. गिऱ्हाईक विमानाच्या वेळेत अडकलेलं असतं, शेजारच्या दुकानात भाव विचारून येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा की, मुळात कर होता किती? तुम्ही दुबईचं उदाहरण दिलंत, तेच घेऊ. अमिरातीत जानेवारी २०१८ पासून व्हॅट आहे ५ टक्के. म्हणजे शहरातल्या मॉलमध्ये १०५ दिरहमला मिळणाऱ्या परफ्यूममध्ये व्हॅट आहे ५ दिरहम. विमानतळावर सगळाच्या सगळा व्हॅट तुम्हाला सोडून दिला, तरी बाटली १०० च्या फार खाली जायचं कारण नाही. उलट शहरात सेल लागतात, तीन दुकानं फिरून भाव पाडता येतो. दुबईत राहून तुम्ही शहरातला भाव न बघता विमानतळावर घेत असाल, तर त्या पाच दिरहमसाठी पंधरा-वीस जादा मोजत असाल, आणि ते कळायला तुमच्याकडे मार्ग नाही. हाँगकाँगचं तर आणखी सरळ आहे. तिथं विक्रीकरच नाही, आयात शुल्क फक्त दारू, तंबाखू, इंधन तेल आणि मिथाइल अल्कोहोल एवढ्यावर. परफ्यूमवर गावातही शुल्क नाही. मग विमानतळावरच्या परफ्यूमच्या फळीवर ‘ड्युटी फ्री’ लिहिलेलं असतं, त्यात माफ काय झालं?

तुम्ही म्हणाल, मी दुबईच्या मॉलशी नाही, भारतातल्या भावाशी तुलना करतो. ठीक आहे. तोही हिशोब मांडतो, पेन घेऊन बसा. परदेशी परफ्यूमवर आपल्याकडे मूळ सीमाशुल्क २० टक्के, त्यावर समाजकल्याण अधिभार म्हणजे आणखी २, आणि मग जीएसटी १८ टक्के. ऐकायला चाळीसच्या वर वाटतं. पण सीमाशुल्क लागतं ते बंदरावरच्या आयात किमतीवर, खोक्यावर छापलेल्या एमआरपीवर नाही. समजा एमआरपी १०,००० आहे आणि आयात किंमत ४,०००. सीमाशुल्क आणि अधिभार झाला ८८०. एमआरपीच्या आत बसलेला जीएसटी १,५२५. एकूण कर २,४०५, म्हणजे छापील किमतीच्या २४ टक्के. सरकारनं सगळं माफ केलं आणि दुकानदारानं एक पैसा न ठेवता सगळं तुम्हाला दिलं, तरी बाटली ७,६०० च्या घरात येते. ‘निम्मा भाव’ करातून निघतच नाही, साहेब. निम्मा भाव दिसत असेल तर दोनच शक्यता आहेत: एक तर भारतातला एमआरपी फुगवलेला आहे, किंवा दोन बाटल्या एकच नाहीत.

आणि बहुतेक वेळा दोन बाटल्या एकच नसतात. खोक्यावर नावाखाली बारीक अक्षरात बघा, ‘ओ द टॉयलेट’ आहे की ‘ओ द पार्फम’. दुसऱ्यात सुगंधी अर्काचं प्रमाण जास्त, तो टिकतो जास्त वेळ आणि त्याची किंमतही जास्त. पुण्याच्या मॉलमध्ये १०० मिलीचा ओ द पार्फम बघून आलेला माणूस विमानतळावर त्याच नावाचा, त्याच रंगाचा ओ द टॉयलेट उचलतो आणि घरी येऊन सांगतो, निम्म्यात मिळाला. ५० मिली आणि १०० मिलीची गल्लत तर रोजची. त्यातून ‘फक्त प्रवाशांसाठी’ म्हणून जोडसंच काढतात, मोठी बाटली, चिमुकली बाटली आणि लोशनची नळी एका खोक्यात. तसा संच गावात कुठं मिळतच नाही, म्हणून त्याची तुलनाच होऊ शकत नाही. तो त्यासाठीच काढलेला असतो.

चॉकलेटचंही तेच, म्हणून एका दमात सांगतो. किमतीकडे बघू नका, वजनाकडे बघा. विमानतळावर ३६० ग्रॅमचा लांबलचक त्रिकोणी बार असतो, किराणा दुकानात १०० ग्रॅमचा. भागाकार करून १०० ग्रॅमचा भाव काढा. दुबईत तोच माल हायपरमार्केटात असतो, व्हॅटचा फरक फक्त तो ५ टक्क्यांचा. आणि आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ वर आलाय.

राहिल्या तुमच्या दारूच्या दोन बाटल्या. इथं तुमचं खरं आहे आणि ते मी मूळ लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं. तो परिच्छेद तुम्ही वाचला नाहीत असं मला स्पष्ट वाटतं, नाहीतर मलाच माझा मुद्दा ऐकवायची वेळ आली नसती. परदेशी दारू हा ड्युटी फ्रीचा एकमेव ठोस फायदा आहे, कारण तिच्यावर इथं कर खरोखर डोंगराएवढा. स्कॉचवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क, त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं. पण इथंही तुलना नीट करा. विमानतळावरची बाटली १ लिटरची, आपल्या वाईन शॉपमधला खंबा ७५० मिलीचा. समजा तिकडची ३,२०० ला आणि इकडची ४,२०० ला आहे. १०० मिलीला तिकडे ३२० पडले, इकडे ५६०. म्हणजे फायदा दिसतो त्याहून मोठा आहे. हे मी तुमच्या बाजूनं सांगतोय, नोंद घ्या. लेबलवरचं अल्कोहोलचं प्रमाणही बघा. भारतात भरलेल्या व्हिस्कीवर सहसा ४२.८ टक्के असतं, बाहेरच्या बाटलीवर पुष्कळदा ४०.

हा फरक मात्र कायमचा नाही. महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा दुकानातले भाव ठळक उतरले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात सीमाशुल्क १५० वरून आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० वर न्यायचं ठरलं आहे. जुन्या खेपेचा भाव डोक्यात ठेवून पुढच्या खेपेला बाटली उचलू नका.

माणशी दोन लिटर दारू शुल्क न भरता आणायचा नियम बहुतेकांना तोंडपाठ असतो आणि तरी चुकतो. दोन लिटर म्हणजे दोन बाटल्या नव्हे. ७५० मिलीच्या तीन घेतल्या की सव्वादोन लिटर झाले, पाव लिटर वर गेलं आणि त्यावर कर बसला. दुबईत घेतलेली आणि मुंबईत उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशेजारच्या ड्युटी फ्री दुकानातून घेतलेली, दोन्ही मिळून दोन लिटर. त्या ७५,००० मध्येही दोन्हीकडची खरेदी एकत्र मोजतात. नवरा-बायकोची मर्यादा वेगवेगळी, पण एकाच्या महागड्या घड्याळासाठी दोघांची जोडून चालत नाही.

वाटेत दोहा किंवा मस्कतला विमान बदलायचं असेल तर दुकानानं दिलेली बाटलीची सीलबंद पिशवी फोडायची नाही, पावती बाहेरून वाचता येईल अशी आतच राहू द्यायची. सील फुटलं की पुढच्या तपासणीत बाटली काढून घेतात. मुंबईहून कोल्हापूरचं विमान धरणार असाल तर बाटल्या मोठ्या बॅगेत टाका, दोन्हींच्या मध्ये कपडे भरा. कुवेत किंवा सौदीला निघालेल्यानं मुंबईत चढताना बाटली अजिबात घेऊ नये, तिथं उतरताच गुन्हा आहे. गाडीनं सांगलीला येताना ड्युटी फ्रीची पावती हाताशी ठेवा, आणि महाराष्ट्रात दारू बाळगायला परवाना लागतो हेही लक्षात असू द्या.

एक खर्च तुमच्या प्रतिक्रियेत कुठंच नाही, तो म्हणजे कार्डाचा. दुबईच्या मशीनवर ‘रुपये की दिरहम’ असं विचारतात. आपला माणूस रुपये दाबतो, कारण आकडा ओळखीचा वाटतो. त्या रुपयांच्या दरात त्यांचा वाढीव नफा आधीच घातलेला असतो. दिरहमच दाबायचं. तरीही आपली बँक परदेशी व्यवहाराचं शुल्क घेते, पुष्कळ कार्डांवर ते ३.५ टक्के असतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. २०,००० च्या खरेदीवर ७०० आणि १२६ मिळून ८२६ रुपये. ते दुकानाच्या बिलावर येत नाहीत, महिन्यानं स्टेटमेंटवर येतात, म्हणून ‘निम्म्या भावात आणलं’ म्हणताना कुणी धरत नाही.

सोन्याबद्दल खानापूर-विट्याकडच्या माणसाला मी काय सांगावं? देशभरातल्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, भट्ट्या तुमच्याकडच्या लोकांनी चालवल्या. पण म्हणूनच तुमचं ‘बोलायलाच नको’ खटकलं. सीमाशुल्क जुलै २०२४ मध्ये १५ वरून ६ टक्क्यांवर उतरलं, तेव्हाच तो फरक बराच बुजला. विमानतळावरच्या दागिन्यांची घडणावळ तुम्ही एकदा बाजारपेठेतल्या घडणावळीशी लावून बघा, तुम्हाला ते माझ्याहून चांगलं जमेल.

मोबाइल-लॅपटॉपचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, तरी दुसऱ्या दोघांनी विचारलंय म्हणून एवढंच: लॅपटॉपवर भारतात सीमाशुल्क शून्य आहे, फक्त जीएसटी. तिथं विमानतळावर स्वस्ताई शोधू नये, वॉरंटीचा घोळ वेगळाच.

‘लोकांना शहाणं करा’ या शब्दांचं मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. माझ्याकडे येणारी माणसं दोन-दोन वर्षं कुटुंबापासून लांब राहून परततात आणि शेवटच्या तासाभरात, उरलेले दिरहम संपवायचे म्हणून, मेव्हण्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांसाठी पिशव्या भरतात. त्यातले पाच-सात हजार वाचावेत म्हणून तो लेख होता. त्यांना कुणी शहाणं करायची गरज नाही, त्यांच्यापर्यंत आकडे पोचायला हवेत.

तुमच्याकडे याच वर्षीची बिलं असतील. परफ्यूमच्या बिलावरून मिली आणि प्रकार, चॉकलेटचं वजन, आणि कार्डावरून शेवटी वळते झालेले रुपये, एवढं लिहून पाठवा. नाव, कार्ड नंबर झाकून पाठवलं तरी चालेल. त्याच मालाचा त्याच आठवड्यातला पुण्याचा भाव मी काढतो आणि दोन्ही आकडे या उत्तराखाली लावतो, कुणाच्याही बाजूनं लागले तरी.