रात्री काठ रिकामा नसतो

गेल्या पंधरवड्यात आमच्या गावच्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच मेसेज फिरला. चांदण्यातल्या नदीचा फोटो आणि खाली मजकूर: ‘मासे रात्री मधल्या खोल डोहात जाऊन झोपतात. काठ रिकामा असतो. म्हणून रात्री वाळू काढली, पाण्याच्या मोटारी चालवल्या तरी मासळीला धक्का लागत नाही.’ गंगाखेडच्या अलीकडं-पलीकडं, जन्म गंगाकाठी (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात) गेलेल्या माणसांनीही तो पुढं ढकलला, म्हणून हे लिहायला बसलो.

‘मासे रात्री झोपतात.’ काही झोपतात, खरंय. प्रयोगशाळांचा लाडका झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला; तो दिवसा हिंडतो, रात्री निपचित पडतो. पापण्या नसल्यानं डोळे उघडे राहतात, एवढंच. पण झेब्र्यावरून शिवड्याचा हिशोब लावणं म्हणजे कोंबडीवरून घुबडाचा लावणं. शिवडा, शिंगाडा ही मिशाळ जात अंधार पडला की पोटामागं निघते. मिशांना चव कळते, उजेडाचं काम नाही. वाम दिवसभर वाळूत रुतून नाकाचं टोक तेवढं बाहेर ठेवते आणि रात्री बाहेर पडते. आमचे भोई दिवस मावळताना जाळं लावतात, उजाडताना काढतात. ते जाळं काही माशामागं पळत नाही. मासाच हिंडत येऊन त्यात अडकतो. सगळे झोपले असते तर सकाळी जाळ्यात नुसतं शेवाळ आलं असतं.

‘मधल्या डोहात जातात, काठ रिकामा असतो.’ मेसेजमधली सगळ्यात चुकीची ओळ हीच. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या भोईमामांबरोबर रात्री नऊच्या सुमारास काठाला गेलो होतो. घोटाभर पाणी. बॅटरी मारली तर आधी झिंग्यांचे डोळे चमकले, राखेतल्या ठिणग्यांसारखे. मग दिसली पेराएवढी पिल्लं. शेकड्यांनी, वाळूला टेकल्यासारखी, जागच्या जागी. ‘दिवसा हितं एक दिसायचं नाही,’ मामा म्हणाले. ‘खंड्या ठिवतो व्हय?’

दिवसा वरून खंड्या आणि बगळा. रात्री खोलातून शिवड्यासारखा मोठा मासा शिकारीला निघतो, पण घोटाभर पाण्यात त्याचं अंग मावत नाही. शिवाय काठाला धार मंद, रात्रभर प्रवाहाशी झगडावं लागत नाही. पिल्लांचा हिशोब साधा आहे. (रातबगळा असतोच, पूर्ण सुरक्षित जागा नदीत कुठंच नाही.) चेक देशातल्या मोराव्हा या मैदानी नदीवर १९९० च्या दशकात काठावरचे मासे दिवसा आणि रात्री मोजले गेले. लहान मासे रात्री काठाकडं सरकतात हे तिथंही दिसलं. पण काठ वाळूचा, उताराचा आहे की दगड रचून बांधलेला, यानं फरक पडतो. म्हणजे नदीगणिक, जातीगणिक, ऋतूगणिक चित्र बदलतं. ‘काठ रिकामा’ असं सरसकट वाक्य मात्र कुठंच टिकत नाही.

‘रात्री वाळू काढली तर धक्का लागत नाही.’ सूर्यास्तानंतर उपशाला बंदी आहे, तो मुद्दा बाजूला ठेवू. तराफे आणि केन्या (वाळू ओढायची लोखंडी खोरी) लागतात त्या काठच्या उतारालाच. सकाळी तिथं थेट पुरुषभर खोल कडा झालेली असते. त्या रात्रीची पिल्लं गेलीच, पण पुढच्या रात्री येणाऱ्यांना उथळ जागाही उरत नाही.

वेळही नेमकी वाईट. दिवसा शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. रात्री तयार होणं बंद आणि श्वास सगळ्यांचेच चालू. म्हणून पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्यात ऊन पाणी मुळातच कमी ऑक्सिजन धरतं: २० अंशांना लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. बंधाऱ्यामागं तुंबलेल्या एप्रिलच्या पाण्यात गाळ ढवळला की तो गाळही ऑक्सिजन खातो. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात ते यामुळं. ‘आमच्या डोहात मरळ तर जिवंत आहे’ असं ग्रुपवर एकानं लिहिलं. मरळ हवेतून श्वास घेते हो, तिचा दाखला रोहूला चालत नाही.

मोटारींबद्दल शेतकऱ्याला दोष देववत नाही; वीजच पुष्कळदा रात्री येते. पण मोटारीचा फुटबॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाच्या फूट व्हॉल्व्हला आमच्याकडं फुटबॉलच म्हणतात) उथळात पडलेला असेल तर पिल्लं ओढली जातात. तो थोडा खोलात सरकवून भोवती दूरवर बारीक जाळीचा पिंजरा केला तर बरीच वाचतील. जाळी थेट फुटबॉलवर गुंडाळू नका, गाळानं तुंबते.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर एकाचाच प्रश्न आला: ‘मग वाळू दिवसा काढली तर चालतंय का?’

दिवसा वाळूत वाम असते.