चामडं आकसलं, आणि दोष म्हणे माझा

चार महिने झाले, माझ्या गाडीत डॅशबोर्ड नाही. काचेखाली वायरींचं जंजाळ, उघडा सांगाडा, आणि धूळ बसू नये म्हणून वर टाकलेली आईची जुनी सुती साडी. ज्याच्याकडे डॅशबोर्डचं चामडं बदलायला दिलं होतं, त्या सीटकव्हरवाल्याचा आज सकाळी पुन्हा फोन आला: "सेठ, बाकी का पेमेंट कब दे रहे हो?" तेव्हापासून डोकं भणभणतंय.

गाडी इटालियन, दोन सीटची, इंजिन पाठीमागे, २००६ सालची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे दुखणं एका कंपनीचं नाहीच, चामड्याने मढवलेला डॅशबोर्ड देणाऱ्या कित्येक महागड्या गाड्यांना ते आहे. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं मशीन शॉप आहे. अकरा वर्षं पैसे बाजूला टाकून मी ही गाडी सेकंडहँड घेतली, आणि तिचं तेल बदलण्यापासून सगळं शक्य तेवढं स्वतःच्या हाताने करतो. त्यामुळे "श्रीमंतांचे चोचले" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. यातली सगळ्यात वाईट गोष्ट तुमच्या गाडीतही असू शकते. तिच्यावर येतोच.

गेल्या मार्चमध्ये समोरच्या काचेच्या कडेला, डाव्या कोपऱ्यात, बोटभर फट दिसली. मे उजाडेपर्यंत चामडं सगळीकडून मागे सरकलं होतं. मीटरवरच्या टोपीच्या कडेला पिवळा फोम उघडा पडला. काचेवर हवा सोडणाऱ्या जाळीच्या बाजूला सुरकुत्या आल्या. शेजारच्या सीटसमोर एअरबॅगचं झाकण असतं, त्याच्या कडा ताणाने वर उचलल्या गेल्या. जणू कोणी ते कातडं चारही बाजूंनी आत ओढत होतं.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथल्या टायवाल्या मुलाने डॅशबोर्डला हातसुद्धा लावला नाही. पहिला प्रश्न: "सर, गाडी उन्हात उभी करता का?"

हो, करतो! माहीममध्ये पागडीच्या बिल्डिंगमध्ये राहतो मी. कंपाउंडमध्ये जागा मिळते हेच नशीब, वर छप्पर कुठून आणू? गाडीवर कव्हर घालतो, काचेला आतून चंदेरी पडदा लावतो. काळी फिल्म लावायची तर २०१२ पासून सुप्रीम कोर्टाची बंदी आहे, आणि ती मला मान्य आहे. आणखी काय करायचं होतं मी? गाडी काय माळ्यावर ठेवायची? ऊन आहे म्हणून चामडं गेलं, तर ते ऊन काल उगवलं का? इतक्या आडव्या काचेखाली, काळं चामडं, बहुतेक सगळं गोंदाच्या भरवशावर चिकटवणाऱ्याला गाडी उन्हात उभी राहते हे ठाऊक नव्हतं? शॉपमधलं इन्फ्रारेड थर्मामीटर नेऊन मी एका दुपारी मोजलं. बंद गाडीत, पडदा काढून तासभर, डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७१ अंश. हात टेकवता येत नाही.

चामडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची जाळी. तंतूंमधला ओलावा आणि कमावताना घातलेली तेलं त्या जाळीला मऊ ठेवतात. उन्हाने दोन्ही उडून जातात, तंतू एकमेकांना चिकटतात आणि कातडं लहान होतं. त्यात ते बसवताना ताणून बसवलेलं असतं, म्हणजे मागे जाण्याची ओढ त्याच्यात पहिल्या दिवसापासून असते. आपल्याकडे पावसाळ्यात ते हवेतली ओल पिऊन थोडं सैलावतं, ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा आवळतं. खालचा गोंद उष्णतेने नरम झालेला असतोच. मग कडा सुटतात, आणि सुटतात तिथेच जिथे चामडं जेमतेम बोटभर दुमडलेलं असतं. हे मी सांगतोय, लेथवर काम करणारा माणूस. ज्यांच्या अंगावर कंपनीचा बिल्ला आहे त्यांचं उत्तर काय, तर "हवामानाचा परिणाम". आणि उपाय काय, तर बाहेरून पूर्ण नवा डॅशबोर्ड मागवा, सहा महिने, साडेअकरा लाख. नवाही तसाच चिकटवलेला येणार का, विचारलं. "ते सांगता येणार नाही, सर."

मग डीटेलिंगवाले, म्हणजे गाडी आतून-बाहेरून चकाचक करून देणारे. एकाने हीट गनने चामडं गरम करून ओढून दिलं, तीन आठवड्यांत फट परत, आधीपेक्षा मोठी. दुसऱ्याने "पोषण" म्हणून वर चकाकणारं सिलिकॉनचं पॉलिश चोपडलं. ते सुटलेल्या कडांतून आत झिरपलं. सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे कुठलंच सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, धड धरत नाही, हे त्या माणसाला माहीत नव्हतं. त्याचेही पैसे मी दिले.

आणि मग सीएसटी रोड. कुर्ला-कलिना पट्ट्यात गाडीचं काम करणारी दुकानाला लागून दुकानं आहेत, हात चालणारी माणसं तिथे आहेत याबद्दल मला शंका नाही. मला भेटला तो म्हणाला, "दो दिन में देता है, बिनधास्त रहो." दोन दिवसांचे एकोणीस झाले. गाडी हातात आली तेव्हा लांबून छान दिसत होती. जवळ गेलो तर वास चामड्याचा नाही. रेक्झिन! मी चामड्याचे पैसे मोजले होते. तेही गिळलं असतं एखाद वेळी. पण एअरबॅगचा दिवा पेटलेला होता, म्हणून टॉर्च घेऊन खाली वाकलो.

एअरबॅगवरचं आवरण साधं नसतं हो. कारखान्यात ते मागच्या बाजूने रेष मारून पातळ केलेलं असतं, किंवा तिथली शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याची ठेवलेली असते. धडक बसली की ती पिशवी ३०-४० मिलिसेकंदांत फुगते, आणि आवरण बरोबर त्या रेषेवर फाटावं लागतं. या माणसाने खाली फोमचा जादा थर घातला, वर जाड नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टीप मारली. बॅटरी न काढताच कनेक्टर उपसला होता, म्हणून तो दिवा. खरं तर बॅटरीची वायर सोडून काही मिनिटं थांबल्याशिवाय एअरबॅगला हातच लावायचा नसतो. मी विचारलं, हे काय केलंत? छाती पुढे काढून म्हणाला, "सेठ, डबल सिलाई मारी है, बीस साल नहीं फटेगा."

अरे, फाटायलाच हवं ना ते! तेवढ्याचसाठी आहे ते तिथे! त्या सीटवर माझी नववीतली मुलगी बसते. ती शिवण धरून राहिली असती तर पिशवी उशिरा किंवा तिरकी उघडली असती, नाहीतर झाकणच तिच्या तोंडावर आलं असतं. हे लिहितानाही माझे हात थरथरतायत.

आणि इथे तुमची गाडी येते. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सक्तीच्या आहेत. आता साध्या घरगुती गाड्यांतही बाजूच्या एअरबॅग येतात, आणि त्यातल्या बऱ्याच सीटच्या पाठीतच बसवलेल्या असतात. गाडी घरी आली की दुसऱ्या दिवशी आपण काय करतो? पूर्ण सीट आवळून टाकणारी कव्हरं शिवून घेतो. तीच दुकानं, तोच दोरा, तीच डबल शिलाई. शिवणाऱ्याला कोणी शिकवलं नाही, विकणारा सांगत नाही, आरटीओ त्या शिवणीकडे बघत नाही. आज घरी गेल्यावर सीटच्या कडेला "एअरबॅग" लिहिलेली चिठ्ठी शोधा. ती कव्हरखाली गाडली गेली असेल आणि तिथे कव्हरला मोकळी जागा सोडलेली नसेल, तर कव्हर आजच काढा.

मी सगळं उपसून काढलं. डॅशबोर्ड शॉपमध्ये आणला. चामड्यासाठी धारावीत तीन फेऱ्या मारल्या. शेळी-मेंढीचं कातडं सुंदर, पण इतक्या रुंदीला जोड दिल्याशिवाय पुरत नाही. म्हशीचं मोठं मिळतं, पण जाड आणि दाणा भरड. तासून तासून पातळ करावं लागतं. मला हवं ते एक-सव्वा मिलिमीटरचं एकसलग गायीचं चामडं तमिळनाडूतून, राणीपेटकडून मागवून देतो म्हणाले एक काका. त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला, काही वेळ बोलले नाहीत, आणि विचारलं, "जुनं चामडं कुठाय? त्यावरूनच माप काढायचं असतं. एअरबॅगची रेष कुठे, किती खोल, सगळं त्याच्यावर असतं."

जुनं चामडं सीएसटी रोडच्या त्या दुकानात. फोन केला. "वो तो कचरे में गया, सेठ."

एकोणीस वर्षं टिकलेलं मूळ कातडं, ज्याच्याशिवाय नवं धड कापता येत नाही, ते कचऱ्यात! न विचारता! आता काका फोमवर कागद लावून अंदाजाने माप काढणार. एअरबॅगच्या झाकणाला ते हात लावायला तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. ते झाकण मला आवरणासकट नवंच मागवावं लागणार, त्याची किंमत अजून कोणी सांगत नाही.

रोज संध्याकाळी शॉप बंद झालं की मी रापी, म्हणजे चामडं तासायचं पातं, घेऊन बसतो आणि त्या सीएसटी रोडवाल्याने ओतलेलं सोल्युशन इंच इंच खरवडतो. खाली फोमही येतो त्याबरोबर. आज सकाळी त्याला सांगितलं, माझं जुनं चामडं आणून दे आणि उरलेले पैसे घेऊन जा. त्याने फोन ठेवला. दुपारी पुन्हा केला, पैशांसाठीच.