तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं कुणाच्या बांधावर?

'आकाश अंशतः ढगाळ राहील, तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.' झालं! संपला आठवड्याचा अंदाज. अहो, पण तुरळक ठिकाणी म्हणजे कुठं? गाव सांगा, नाही तर निदान दिशा तरी सांगा!

नाशिक जिल्ह्याचे तालुके पंधरा. तिकडं इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, इकडं येवल्यात पाचशेला दम लागतो. आणि अंदाज सगळ्यांना मिळून एकच ओळ. हवामान खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी. हलका म्हणजे अडीच मिलिमीटरपासून, मध्यम म्हणजे पार चौसष्टपर्यंत. म्हणजे चारातल्या एकाकडं पडेल, आणि पडला तर ओटा भिजेल किंवा बाग पोहेल. एवढं तर मी पण सांगतो की, बसल्या जागी, फुकट.

ऑक्टोबरात छाटलेली माझी बाग आत्ता ऐन फुलोऱ्यात आहे. द्राक्षवाल्याला विचारा ह्या दिवसांत घडात पाणी साचलं की काय होतं. डाऊनी बुरशी, गळ, कूज, सगळं एकदम दारात. मागच्या आठवड्यात यलो अलर्ट होता म्हणून तीन दिवसांत दोन फवारण्या ठोकल्या. एक थेंब पडला नाही. बायको म्हणाली, "अहो, हा अलर्ट औषधाच्या दुकानातून सुटला होता का?" काय बोलणार! उधारीची वही त्याच दुकानात आहे.

मग ह्या सोमवारी काय, तर आठवडाभर कोरडं हवामान, थंडीचा जोर वाढणार. म्हटलं चला, हात आखडता घेऊ. गुरुवारी रात्री अडीचला पत्र्यावर ताड ताड सुरू! अंथरुणात मोबाईल उघडला तर त्यात चांदणी रात्र, पावसाची शक्यता शून्य टक्के. बाहेर पागोळ्या लागल्यात आणि ह्याच्या स्क्रीनवर चंद्र हसतोय.

चार वाजता बॅटरी घेऊन बागेत गेलो. एकेका घडाच्या शेंड्याला थेंब लोंबत होता, फुलांच्या टोप्या ओल्या चिकटलेल्या. ट्रॅक्टर काढला, औषध न टाकता ब्लोअरची नुसती हवा मारून पाणी झाडत बसलो उजाडेपर्यंत. डिझेल माझं, झोप माझी. सकाळी मोबाईलवर बघतो तर काय, रात्रीच्या रकान्यात गुपचूप ढग आणि थेंब आलेले. परीक्षा झाल्यावर पेपर लिहायचा, वा रे वा!

आणि खरी मेख पुढंच आहे. पीक विम्याचा पाऊस मोजला जातो महसूल मंडळाच्या यंत्रावर. ते यंत्र माझ्यापासून नऊ किलोमीटरवर. तिथं जमीन कोरडी ठणठणीत. आता मात्र तुरळक ठिकाण चालत नाही! अंदाज देताना मी तुरळक ठिकाणात बसतो, भरपाई मागताना अख्खं मंडळ कोरडं असतं.

२६ नोव्हेंबर २०२३ ची निफाडकडची गारपीट कोण विसरलंय? तेव्हापासून दिवाळी सरली की पूर्वेला आभाळ आलं तरी पोटात गोळा येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाब झाला, पश्चिमी झंझावात आला, हे सगळं कळतं हो आम्हाला. पण आज संध्याकाळी फवारणीची टाकी भरू की नको, तेवढं सांगा.

हे लिहितोय तोवर नवा अंदाज आला. तुरळक ठिकाणी. टाकी भरायला घेतली आहे.