तू कुठल्या विनायकाचा?

आमच्या कुलमंडळाचं वार्षिक संमेलन यंदा इंदूरच्या वाट्याला आलं. आडनाव सांगत नाही. सांगितलं तर वाचणाऱ्यांतले चार जण माझे चुलते निघतील आणि वर्गणी मागतील.

वेळ सकाळी नऊची छापली होती. पुणेकर मंडळी पावणेनऊला रामबागेतल्या कार्यालयाच्या दारात उभी. इंदूरकर साडेदहापर्यंत फोनवर "बस, निघूनच राहिलोय" म्हणत घरीच. नोंदणीच्या टेबलामागे एक अण्णा बसले होते. त्यांनी माझं नाव विचारलंच नाही.

"तू कोणाचा?"

"विनायकरावांचा."

"कुठल्या?"

इथे खरी पंचाईत. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आमच्याकडे इतकी कडक पाळली गेली, की विनायकाचा गणेश, गणेशाचा विनायक, विनायकाचा पुन्हा गणेश असं वरपासून खालपर्यंत चालत आलंय. त्यात प्रत्येक भावाने आपल्या थोरल्याला आजोबांचंच नाव दिलेलं, म्हणजे एकाच वाड्यात एका वेळी तीन विनायक. घरात त्यांना बंडू, नाना, बापू म्हणून वेगळं ओळखायचे, पण वंशावळीत बंडू घेत नाहीत. बायकांकडून काही सुगावा लागावा, तर लग्नात नावं बदलल्यामुळे सासू लक्ष्मी, सून लक्ष्मी, नातसूनही लक्ष्मी. अण्णांनी बराच वेळ डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे मूळव्याधवाल्या विनायकाचा!" रांगेतल्या सगळ्यांना ते लगेच पटलं. बिल्ला मिळाला.

भिंतभर वंशावळीचा फ्लेक्स लावलेला. मूळ पुरुष थेट पंख्याजवळ, हयात पिढी फरशीला टेकलेली. स्वतःला शोधायचं तर पार ओणवं व्हावं लागतं, आणि ज्यांना शोधायची हौस त्यांचेच गुडघे गेलेले. आमच्या एका अविवाहित काकांच्या चौकटीखाली 'निर्वंश' असं छापून आलं होतं. शुद्धिपत्र काढू, म्हणून मंडळाने त्यांची माफी मागितली. काकांनी ती साफ नाकारली. दिवसभर चौकटीशेजारी खुर्ची टाकून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने तो शब्द दाखवत होते. अख्ख्या संमेलनात त्यांच्याइतका मजेत मला दुसरा कोणी दिसला नाही.

नाश्ता झाला. वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जीरावन, बाजूला जिलबी. "जिलबी जेवणात असते ना, मग आत्ता का?" असं एका पुणेकर काकूंनी विचारलं आणि तीन वेळा घेतली. लिंबाच्या अपेक्षेने शिकंजी मागवलेल्यांच्या हातात मात्र दाट दुधाचा पेला आला, तेव्हा ते जरा हबकले.

मग परिचय. प्रत्येक कुटुंबाला दोन मिनिटं, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. पण माइक हाती आला की आमच्या घराण्यातला माणूस थेट पानिपतावर जातो. 14 जानेवारी 1761 रोजी आमचे इतके पूर्वज तिथे लढत होते की अब्दालीचा निभाव लागायलाच नको होता. ग्वाल्हेरकर शिंद्यांच्या बाजूने लढले, बडोदेकर गायकवाडांच्या, आम्ही होळकरांच्या. आता मल्हाररावांनी शेवट ओळखून आपली फौज बाहेर काढली, हे इतिहासातच आहे. त्यामुळे आमची पाळी आली की ग्वाल्हेर शाखेला नेमका खोकला येतो. यंदा खोकला जरा लांबला. तेव्हा पहिल्या रांगेतून आमच्या आत्याआजी ओरडल्या, "अरे, महादजी तरी जखमी होऊन निघालेच ना? दमाजी गायकवाडही परतले. तुम्ही सगळे परत आलेल्यांचीच लेकरं. तुमचा पूर्वज तिथेच राहिला असता तर आज जिलबी कोणी खाल्ली असती?"

खोकला थांबला.

खरं सांगायचं तर आमच्या घराण्याचा सगळ्यात जुना कागद पानिपताचा नाहीच. तो महेश्वरच्या दफ्तरातला, अहिल्याबाईंच्या अमदानीतला. त्यानंतर 1818 मध्ये मंदसोरचा तह होऊन होळकरांची राजधानी इंदूरला आली, आणि रुमालांत बांधलेल्या दफ्तराबरोबर आमचे कारकूनही आले. तो कागद मोडी लिपीत आहे. दोन शब्दांत जागा नाही, लेखणी उचललेली नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं घरात तो जहागिरीची सनद म्हणून देव्हाऱ्यात पूजला गेला. यंदा एका जाणकारांना बोलावून तो व्यासपीठावर वाचून घेतला. सगळे सरसावून बसले. एकाने तर जहागिरीचं क्षेत्रफळ टिपून घ्यायला पेन काढलं. कागदात आमच्या पूर्वजाने वरिष्ठांना विनंती केली होती, की मागचा पगार थकला आहे, वाण्याने उधार बंद केलं आहे, तरी कृपा व्हावी.

सभागृहात शांतता पसरली. ती संधी साधून खजिनदार उठले आणि त्यांनी मंडळाच्या थकबाकीदारांची यादी वाचायला घेतली. सुरुवात सहा विनायकांपासून झाली. त्यातल्या कुठल्या विनायकाचा मी, यावर मात्र कोणालाच शंका आली नाही. दारातल्या अण्णांनी दिलेला खुलासा खजिनदारांनी माइकवरून जसाच्या तसा वाचला.

घरी परतताना बायकोने पर्समधून एक निमंत्रणपत्रिका काढली. तिच्या माहेरच्या कुलमंडळाचं संमेलन पुढच्या महिन्यात उज्जैनला आहे. जावयांचा परिचय सक्तीचा, प्रत्येकी पाच मिनिटं.